गाठीतून उभे राहिलेले शिल्प : मृणालिनी मुखर्जी यांच्या कामाविषयी

शिल्पकलेच्या तिसऱ्या वर्षाला असताना मृणालिनी मुखर्जी यांच्या दोराच्या शिल्पांची छायाचित्रे तुमच्या पाहण्यात आली आणि त्यावरून तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत. एवढी मोठी आणि मऊ कामे उभी कशी राहतात, विणकामाच्या इतक्या जवळ जाणाऱ्या कामाला शिल्प का म्हणायचे, आणि जवळजवळ तीस वर्षे दोर हाताळल्यावर त्या कांस्याकडे का वळल्या? मी स्वतः तंतू आणि धातू या दोन्ही माध्यमांत काम करतो आणि बरीच वर्षे शिल्पकला शिकवत आलो आहे. त्यामुळे समीक्षकाच्या बाजूने न बोलता हाताच्या बाजूने उत्तर देतो. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत आणि ती सगळी गाठ नावाच्या एका साध्या क्रियेपाशी येऊन मिळतात, असे माझे मत आहे.

आधी त्यांची घडण थोडक्यात सांगतो, कारण तिच्याशिवाय तंत्राचा अर्थ लागत नाही. मृणालिनी यांचा जन्म १९४९ साली मुंबईत झाला. वडील बिनोदबिहारी मुखर्जी हे शांतिनिकेतनचे थोर चित्रकार, तर आई लीला मुखर्जी लाकूड आणि कांस्य या माध्यमांत काम करणाऱ्या शिल्पकार होत्या. आई डेहराडूनच्या वेल्हम शाळेत शिकवत असल्यामुळे मृणालिनी यांचे बालपण तिथल्या झाडीत गेले आणि सुट्ट्या शांतिनिकेतनात. मुलगी लहान असतानाच बिनोदबिहारींची दृष्टी पूर्णपणे गेली, आणि त्यानंतर ते स्पर्शाच्या आधारे कागदाची कातरकामे आणि लहान मूर्ती करत राहिले. या घटनेचा धागा थेट मुलीच्या शिल्पांपर्यंत ओढून नेण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो थोडा सोपा वाटतो. रूप हे डोळ्याइतकेच बोटांनीही कळते, ही गोष्ट त्या घरात कुणाला समजावून सांगावी लागली नसणार, एवढेच म्हणता येईल.

याहून निर्णायक ठरले ते बडोद्यातील शिक्षण. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत त्यांनी १९६५ ते १९७० या काळात चित्रकलेची पदवी घेतली आणि पुढची दोन वर्षे के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली भित्तिचित्र-रचनेचा अभ्यास केला. सुब्रमण्यन हे शांतिनिकेतनात बिनोदबिहारींचे विद्यार्थी होते. १९५९ ते १९६१ या काळात त्यांनी मुंबईत अखिल भारतीय हातमाग मंडळासाठी रचनाकार म्हणून काम केले होते, त्यामुळे विणकर, रंगारी आणि खेळणी करणारा कारागीर हे त्यांच्या दृष्टीने कलेच्या अंगणाबाहेरचे लोक नव्हते. त्यांच्या भित्तिचित्र-वर्गात माती, सिमेंट, लाकूड, तंतू अशा कोणत्याही पदार्थाला मज्जाव नव्हता. या सगळ्यातला तुमच्या कामाचा मुद्दा असा, की मृणालिनी यांनी शिल्पकलेचे रूढ शिक्षण घेतलेच नाही. १९७८ मध्ये ब्रिटिश कौन्सिलच्या शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडमध्ये फार्नहॅम येथील वेस्ट सरे कला महाविद्यालयात शिल्पकलेसाठी गेल्या खऱ्या, पण तोवर त्यांचे माध्यम ठरलेले होते आणि हातही बसलेला होता.

आपल्याकडे शिल्पाचा विद्यार्थी काय शिकतो ते आठवून पाहा. आधी लोखंडी सळईचे किंवा तारेचे आर्मेचर, म्हणजे आतला सांगाडा, बांधायचे, त्यावर माती चढवायची, हाडे आणि स्नायू यांचा अंदाज घेत वस्तुमान उभे करायचे आणि शेवटी पृष्ठभागाकडे वळायचे. दगडात किंवा लाकडात हाच प्रवास वजाबाकीने होतो. दोन्हीकडे आतला गाभा आधी आणि त्वचा नंतर. मृणालिनी यांच्या दोराच्या शिल्पात हा क्रम टिकत नाही, कारण तिथे त्वचा आणि रचना एकाच क्रियेतून एकाच वेळी जन्माला येतात. गाठ हीच वीट आणि गाठ हाच गिलावा.

ही क्रिया नेमकी कशी होते ते सांगतो, कारण छायाचित्रात ती दिसत नाही. एका आडव्या दांड्यावर किंवा कड्यावर दोर मधोमध दुमडून अडकवले, की प्रत्येक दोराची दोन टोके खाली लोंबतात. शेजारच्या दोन दोरांची मिळून चार टोके घ्यायची, मधली दोन ताणून स्थिर ठेवायची आणि बाहेरची दोन त्यांच्याभोवती आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने वळवून आवळायची. एवढे झाले की एक चौकोनी गाठ पुरी होते. तिचा अर्धाच भाग, तोही सतत एकाच बाजूने, मारत गेलात तर पट्टी आपोआप स्वतःभोवती पीळ घेऊ लागते. पुढच्या ओळीत एका चौकडीची दोन आणि शेजारच्या चौकडीची दोन टोके एकत्र घेतली, की सुट्या पट्ट्या एकमेकींत गुंतून सलग अंग तयार होते. मधेच नवे दोर जोडले तर हे अंग पसरते आणि जागा न मिळाल्यामुळे त्याला चुण्या पडतात. दोर कमी करत आणले तर ते आत वळून वाटीसारखे होते. आवळण्याचा जोर एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी ठेवला तर ते जास्त आवळलेल्या बाजूकडे झुकते. हे करायला माग लागत नाही, सुई लागत नाही, दहा बोटे आणि भरपूर दोर लागतो. भरपूर म्हणजे किती, तर तयार पट्टीच्या लांबीच्या साधारण चौपट, आणि दोर जाड असेल तर त्याहूनही जास्त.

छंद म्हणून केल्या जाणाऱ्या मॅक्रामेचे, म्हणजे भिंतीवर लावायच्या शोभेच्या जाळ्यांचे, तंत्र हेच आहे, आणि तुमचा दुसरा प्रश्न तिथूनच आला असणार. फरक कुठे पडतो ते प्रमाण आणि हेतू या दोन्हींत पाहावे लागते. मृणालिनी यांनी हेम्पचा, म्हणजे भांगेच्या झाडाच्या तंतूचा, जाड दोर बाजारातून गठ्ठ्यांनी आणला, तो उसवून आणि निवडून घेतला, रंगवला आणि माणसाच्या उंचीपेक्षा मोठी रूपे गाठत नेली. त्यांनी आधी रेखाटन किंवा लहान प्रतिकृती करून ठेवण्याची पद्धत कधीच पाळली नाही. काम वरून सुरू होई आणि पुढची ओळ काय मागते ते आधीची ओळ सांगे. ज्याने स्वतः गाठी मारल्या आहेत त्याला यातले धाडस चटकन कळते. मातीत चुकलेला गाल अर्ध्या मिनिटात काढून टाकता येतो, परंतु चार ओळी खाली गेल्यावर वरची घडी पटली नाही तर शेकडो गाठी उलट्या सोडवाव्या लागतात, आणि सोडवलेल्या दोराला पूर्वीचा ताठपणा राहत नाही. एकेका शिल्पाला महिनोन्महिने लागत ते यामुळेच.

आता उभे राहण्याविषयी. सुरुवातीची कामे भिंतीवर किंवा छतापासून टांगलेली होती. १९७० च्या दशकातल्या या कामांत वजन खाली ओढते आणि तेच घड्यांना आकार देते, म्हणजे गुरुत्वाकर्षणाशी भांडण नाही. ती कामे मला प्रामाणिकपणे सांगायचे तर अजून भिंतीच्या सवयीतून बाहेर न पडलेली वाटतात, आणि भित्तिचित्राच्या विद्यार्थिनीचे ते साहजिकही होते. १९७९ चे ‘नागदेवता’ आणि १९८२ चे ‘रुद्र’ व ‘देवी’ यांच्यापर्यंत येता येता रूप अंगाने भरत गेले. पुढे आत धातूचा सांगाडा घेऊन शिल्पे जमिनीवर स्वतंत्र उभी राहू लागली. या सांगाड्याबद्दल एक गैरसमज विद्यार्थ्यांत नेहमी दिसतो, की आकार लोखंडाचा आणि दोर हे नुसते पांघरूण. तसे असते तर वाकणारा प्रत्येक भाग सळईच्या रेषेने वाकला असता. या शिल्पांतील सांगाडा मुख्यतः उंची आणि तोल सांभाळतो. ओठासारख्या उलगडलेल्या कडा, पोटासारखे फुगवटे आणि एकात एक शिरणाऱ्या पोकळ्या या गाठींची संख्या आणि ताण यांतूनच येतात, हे मी स्वतःच्या कामाच्या अनुभवावरून खात्रीने सांगू शकतो.

१९८४ च्या ‘यक्षी’ समोर थोडे थांबायला हवे, कारण माझ्या मते त्यांच्या दोराच्या कामाची सगळी ताकद १९८० च्या दशकाच्या मध्यावर एकवटलेली आहे. त्याच काळात ‘बसंती’ आणि ‘पक्षी’ झाली. मधोमध एक उभा अक्ष, त्याच्या दोन्ही बाजूंना जवळपास समान उलगडणारी अंगे, आणि समोरून सामोरे जाण्याची अपेक्षा, ही मांडणी देवळातील मूर्तीची आहे. गाभाऱ्यातील मूर्ती आपल्याकडे पाहते तसे हे शिल्प आपल्याकडे पाहते, फरक इतकाच की त्याला डोळे नाहीत. नावे यक्षी, देवी, रुद्र अशी असली तरी मूर्तिशास्त्रातील लक्षणे मोजून ओळख पटवता येईल असे त्यांत काही नाही. स्त्रीचे शरीर, फुलाचा गाभा, सापाचा फणा आणि झाडाची ढोली ही सर्व रूपे एकाच घडीत असतात. नजर एका अर्थावर स्थिरावली की घडी तिला दुसऱ्या अर्थाकडे सरकवते. पुढच्या दशकातल्या ‘आदिपुष्प’सारख्या कामांत फूल आणि जननेंद्रिय यांच्यातली सीमा त्यांनी अगदी उघडपणे पुसून टाकली, आणि तरीही ती कामे कुठे चावट होत नाहीत, हे साधणे फार अवघड आहे.

शिल्प की हस्तकला हा वाद त्यांच्या वाट्याला देशात आणि परदेशात दोन वेगळ्या रूपांत आला. युरोप-अमेरिकेत १९६० च्या दशकात तंतूकलेची मोठी लाट होती. लोझान येथे १९६२ पासून टॅपेस्ट्रीची, म्हणजे विणलेल्या भिंतपटांची, द्वैवार्षिके भरत होती, पोलंडच्या मॅग्दालेना अबाकानोविच यांची प्रचंड लोंबती विणकामे गाजत होती आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६९ मध्ये या माध्यमाचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले होते. त्यामुळे परदेशी लेखक मृणालिनी यांना झटकन त्या रांगेत बसवतात. पण अबाकानोविच यांच्या त्या कामांची सुरुवात मागावर विणलेल्या पटापासून होते. आधी पट होतो, मग तो टांगला, चिरला आणि वळवला जातो. मृणालिनी यांच्याकडे पट असा कधी नसतोच. तिथे पहिल्या गाठीपासून तिसरी मिती सुरू होते. भारतात अडचण वेगळी होती. इथे दोराचे शिंके घरोघर होते, खाट विणणारा दारी येत होता, त्यामुळे गाठ मारणे हे कौशल्य इतके परिचित की त्याला कलेच्या दालनात जागा द्यायला अनेकांना संकोच वाटे.

शिल्पाची माझी कसोटी साधी आहे. वस्तुमान, पोकळी, तोल आणि पाहणाऱ्याच्या शरीराशी असलेले प्रमाण, हे प्रश्न कामाने स्वतःहून हाती घेतले आहेत का, एवढेच मी पाहतो. ‘यक्षी’ या कसोटीला कोणत्याही दगडी मूर्तीइतकीच उतरते. पदार्थ कोणता, आणि तो हाताळण्याची रीत कुणाच्या घरातून आली, या गोष्टी इतिहासासाठी महत्त्वाच्या आहेत, दर्जा ठरवण्यासाठी नाहीत.

बाहेरची मान्यता त्यांना अगदीच मिळाली नाही असे नाही. १९८६ च्या सिडनी द्वैवार्षिकात त्यांचे काम होते आणि १९९४ मध्ये ऑक्सफर्डच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचे एकल प्रदर्शन केले. तरी मोठी दखल उशिराच घेतली गेली. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जानेवारी २०१५ मध्ये पीटर नॅगी यांनी मांडलेले त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन सुरू झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच, फेब्रुवारीत, त्यांचे निधन झाले. त्यापुढे २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयात, २०२२ मध्ये व्हेनिस द्वैवार्षिकाच्या मुख्य प्रदर्शनात, आणि २०२५ च्या अखेरीस लंडनच्या रॉयल अकॅडमीत, त्यांच्या आईवडिलांच्या, गुरूंच्या आणि समकालीनांच्या कामासोबत, त्यांचे शिल्प जगापुढे आले.

आता कांस्याकडे. मधे एक टप्पा मातीचा आहे. १९९६ मध्ये नेदरलँड्समधील युरोपीय सिरॅमिक केंद्रात त्यांना काम करण्याची संधी मिळाली आणि भाजलेल्या, झिलईच्या मातीत त्यांनी फुलांची, पाकळ्यांची रूपे केली. मला ही मालिका त्यांच्या कामात कमी वजनाची वाटते. झिलईची चमक घडीतल्या सावलीला खाऊन टाकते, आणि त्यांच्या शिल्पाचा सारा जीव त्या सावलीत असतो. पण मातीने त्यांना एक गोष्ट दिली. मऊ पत्रा हाताने दुमडायचा आणि अग्नीने त्याला त्याच अवस्थेत पक्के करायचे, ही ती गोष्ट.

२००० नंतरच्या कांस्यकामात नेमके तेच घडते. हवा तसा दोर मिळेनासा होणे आणि गाठीच्या कामातले शारीरिक श्रम ही कारणे सांगितली जातात आणि ती खरी असतीलही, कारण जाड दोर आवळण्याने मनगट आणि खांदे यांची काय अवस्था होते ते मला ठाऊक आहे. तरीही हा बदल केवळ सोयीचा मानू नये. मेण वितळवून धातू ओतण्याच्या पद्धतीत मूळ काम मेणात होते. मेणाचा पातळ पत्रा तळहाताच्या उबेने नरम पडतो, स्वतःच्या वजनाने खाली झुकतो, दाबला तर पानाच्या शिरा हुबेहूब उचलतो. म्हणजे दोरासारखाच हाही गुरुत्वाकर्षणाला उत्तर देणारा पदार्थ आहे. मग त्याला मेणाच्याच नळ्या जोडतात, त्याभोवती साचा बांधतात, साचा भाजून मेण काढून टाकतात आणि त्या रिकाम्या जागेत ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला रस ओततात. साचा फोडल्यावर झुकणारे, सुकणारे, फाटणारे ते पान कायमचे त्या अवस्थेत थांबलेले असते. दोरात मऊ पदार्थाला उभे राहायला लावले होते, कांस्यात कठीण पदार्थाला कोमेजायला लावले. प्रश्न तोच, फक्त दुसऱ्या टोकाकडून विचारलेला.

२०१३ ते २०१५ मधली ‘पामस्केप’ ही त्यांची शेवटची मोठी मालिका याचे उत्तम उदाहरण आहे. ताडवर्गीय झाडांच्या झावळ्या, त्यांचे खोडाला वेढणारे आवरण आणि फुटणारे कोंब यांवरून आलेली ही शिल्पे उभी न राहता आडवी पसरतात. देवळातील मूर्तीचा उभा अक्ष इथे सुटलेला आहे. ही कामे दोराच्या शिल्पांच्या खालच्या पायरीवर ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. रंग गेला हे नुकसान आहेच, जांभळा, गेरू आणि पिवळा यांचे ते जड, भिजल्यासारखे थर कांस्याच्या पॅटिनाला, म्हणजे धातूवर चढणाऱ्या रंगछटेला, जमत नाहीत. पण कडेची जाडी पाहा. चांगल्या ओतकामात भिंत जेमतेम काही मिलिमीटरची ठेवता येते, आणि त्या पातळ, असमान, कुरतडल्यासारख्या कडेवर प्रकाश ज्या प्रकारे तुटतो ते दोराला कधीच शक्य नव्हते.

प्रत्यक्ष पाहण्याची संधी मिळाली तर दिल्लीतील किरण नाडर संग्रहालयाच्या संग्रहात त्यांची कामे आहेत, आणि लंडनच्या टेटकडे २००० सालचे ‘जौबा’ आहे. संग्रहालयात ही शिल्पे मंद उजेडात ठेवलेली दिसली तर मांडणीला नावे ठेवू नका. वनस्पतिजन्य तंतू आणि त्यावरचा रंग प्रखर प्रकाशाने विरतो, म्हणून कापड आणि कागद यांच्याप्रमाणेच अशा कामांसाठी साधारण ५० लक्सची (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) मर्यादा पाळली जाते. शिवाय गाठीत अडकलेली धूळ ब्रशने निघत नाही, दमट हवेत दोर ओल धरतो, आणि कीड लागली तर बाहेरून दिसेपर्यंत आतले तंतू पोखरलेले असतात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात असे काम राखणे किती कठीण आहे याची कल्पना तुम्ही करू शकता.

स्वतः हात घालून पाहायचा असेल, आणि तो घालावाच असे मी सुचवीन, तर मोठ्या आकाराच्या मागे लागू नका. दोर आधी गरम पाण्यात साबणाने धुऊन घ्या, कारण बाजारातल्या बहुतेक दोरांना कारखान्यात तेल लावलेले असते आणि ते गेल्याशिवाय रंग सारखा चढत नाही. रंगवून, पूर्ण वाळवून मगच गाठायला घ्या. ओल्या दोराची गाठ वाळल्यावर वेगळी आवळते आणि सगळा अंदाज फसतो. प्रथम कोणताही सांगाडा न घेता टांगून काम करा, म्हणजे वजन कुठे जाते ते कळेल. दोर वाढवून घडी कशी पडते आणि कमी करून पोकळी कशी होते, या दोनच गोष्टींवर पहिला महिना घालवा. सांगाड्याचा विचार त्यानंतर करा, आणि तो करताना सळई जिथे कमीत कमी लागेल ती जागा शोधा. प्रबंधासाठी विषय निवडत असाल तर ‘यक्षी’ आणि एखादे ‘पामस्केप’ एकमेकांशेजारी ठेवून दोन्हींतील कडा रेखाटून काढा. दोर आणि कांस्य यांची तुलना करणारे लेखन बरेच आहे, कडांचा असा अभ्यास माझ्या पाहण्यात आलेला नाही.